बर्फावरचं हातगिरमिट: ऑगरची निवड, भोक पाडण्याचा क्रम आणि धार

गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायला भोक पाडायचं म्हणून एक माणूस नव्याकोऱ्या ऑगरच्या मुठीवर छाती टेकवून, दातओठ खात दांडा गरागरा फिरवतोय. खाली पांढरी पिठी पडतेय, पण भोक दोन इंचांवर अडलंय ते अडलंयच. अमेरिकेतलं मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन असो की कॅनडातलं ऑन्टारियो, कुठेही डिसेंबरात हे हमखास दिसतं. अंगात जोर कमी आहे म्हणून हे सहसा होत नाही. पात्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा बसलेला असतो, धारेचा एक कोपरा उडालेला असतो, किंवा ऑगर मुळात नको त्या मापाचा आणलेला असतो. धड धारेचा सहा इंची हातऑगर फूटभर बर्फातून मिनिटभरात पार होतो, तोही वरून जवळजवळ न दाबता. दाबावं लागलं की थांबायचं आणि कारण शोधायचं.

ऑगर म्हणजे आपल्या सुताराचं गिरमिटच, फक्त छातीएवढं उंच. वर एका हाताने धरायची मूठ, तिच्याखाली फिरवायचा वाकडा दांडा, मग भुगा वर आणणारी मळसूत्री पट्टी आणि तळाला पाती बसवलेलं डोकं. गिरमिटाला बोथट केलं तर ते लाकूड जाळतं. ऑगर बोथट झाला तर तुम्हाला घाम फोडतो, आणि उणे पंधरा अंशात घाम ही गंमत नाही.

## १. आधी माप ठरवा

दुकानात आठ इंची ऑगर सहा इंचीपेक्षा थोडासाच मोठा दिसतो. कापायचा बर्फ मात्र व्यासाच्या वर्गाने वाढतो. फूटभर जाडीच्या बर्फात सहा इंची भोक म्हणजे साधारण साडेपाच लिटर बर्फ, आठ इंची म्हणजे जवळजवळ दहा लिटर. एका भोकात फरक जाणवत नाही. आठव्या भोकाला खांदा सांगतो.

- ४ ते ५ इंच: ब्लूगिल, क्रॅपी, पर्च असे तळहाताएवढे मासे. भोकं झटपट पडतात, पण मासे शोधणाऱ्या सोनार यंत्राचा सेन्सर आणि गळाची दोरी एकाच भोकात सोडली की गुंता होतो.
- ६ इंच: पहिला ऑगर घेणाऱ्याने हाच घ्यावा. पर्चपासून चांगल्या मोठ्या वॉलआय माशापर्यंत सगळं यातून वर येतं.
- ८ इंच: नॉर्दर्न पाइक, लेक ट्राउट अशा लांब, जाड माशांसाठी. हाताने फिरवायचा तर दिवसाला तीन-चार भोकांच्या बेतानेच जा.
- १० इंच: हाताचं काम नाही.

युरोपात बनलेल्या ऑगरवर माप मिलिमीटरमध्ये असतं. १३० मिमी म्हणजे पाच इंचांच्या आसपास, १५० म्हणजे सहा, २०० म्हणजे आठ. काही राज्यांत मासेमारीच्या भोकाच्या व्यासावरही मर्यादा आहे, तेव्हा परवाना काढताना त्या वर्षीची नियमपुस्तिका बघून घ्या. गळ किती टाकता येतात तेही तिथेच लिहिलेलं असतं. मिनेसोटात बर्फावर दोन, विस्कॉन्सिनमध्ये तीन.

## २. पात्याचा प्रकार

दोन सपाट, सरळ धारेची पाती. हाताने फिरवायला सगळ्यांत जलद. रंध्यातून जसे लाकडाचे पापुद्रे निघतात तसे ही पाती बर्फाचे पापुद्रे सोलून काढतात. पण ती नाजूक असतात. वाळू, गोठलेली पानं, जुन्या भोकाची कड यांपैकी काहीही लागलं की धार गेली.

वक्र धारेची पाती. फिनलंडकडचे बरेचसे ऑगर असे असतात. सुरुवात गुळगुळीत होते, झटके कमी बसतात. मात्र घरी धार लावणं अवघड, त्यामुळे सुटी पाती किंवा अख्खं डोकं जवळपास मिळतं का ते आधी बघा.

चमच्यासारखं डोकं. जुन्या पद्धतीचं, वजनाला हलकं. धार बिघडली तर स्वतः काही करण्यासारखं उरत नाही.

दातेरी पाती. ही बर्फ सोलत नाहीत, फोडतात. त्यांना वेग आणि वजन लागतं, म्हणजे इंजिन किंवा ड्रिल. हातऑगरला दातेरी पाती असतील तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. जुनं, अर्धवट गोठलेलं भोक पुन्हा उघडायला मात्र हीच पाती उपयोगी पडतात.

## ३. लांबी, दिशा आणि वापरलेला माल

मोसमाच्या सुरुवातीला पाच-सहा इंच बर्फावर कुठलाही ऑगर चालतो. उत्तर मिनेसोटात फेब्रुवारीत बर्फ दोन फुटांच्या पुढे जातो, तेव्हा आखूड ऑगरची मूठ बर्फाला टेकते आणि पाणी अजून खालीच असतं. दांड्याची लांबी कमीजास्त करता येणारा ऑगर घ्या, नाहीतर त्याच कंपनीचा फूटभराचा जोडदांडा मिळतो का ते विचारा.

उत्तर अमेरिकेत विकले जाणारे बहुतेक ऑगर वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. युरोप आणि रशियातून आलेले काही उलट फिरतात. डावखुऱ्यांना ते सोयीचेही वाटतील, पण त्यांची पाती सुलट ऑगरला बसत नाहीत, आणि पुढे ड्रिलला जोडायचा विचार असेल तर मोठीच अडचण होते. ते खाली येईलच.

वापरलेला ऑगर घेताना उभा धरून दांडा फिरवा आणि तळाच्या डोक्याकडे बघा. डोकं गोल न फिरता लटपटत असेल तर दांडा वाकलाय, तो सरळ होत नाही. पात्यांचे स्क्रू गंजून बसलेत का, सांध्यात खुळखुळ आहे का, पट्टीवरचा रंग पोपडे धरून सुटलाय का तेही बघा. खडबडीत पट्टीला ओला भुगा चिकटतो.

> तपासा: धार अंगठ्याने बघू नका. वर्तमानपत्राची पट्टी सैल धरून धारेवरून ओढा. एका ओढीत स्वच्छ कापली गेली तर ठीक. फाटली, सुरकुतली किंवा एका ठिकाणी अडकली तर तिथेच खाच आहे. पात्याची पूर्ण लांबी तपासा, विशेषतः बाहेरचा कोपरा.

## ४. निघण्याआधी घरी

1. पात्यांवरचं म्यान जाड चामड्याचे हातमोजे घालूनच काढा. दोन्ही पाती पुसून कोरडी करा.
2. पात्यांचे स्क्रू घट्ट आहेत ना ते बघा. सैल पातं बर्फात शिरताना उचललं जातं आणि झटके देतं.
3. दांडा उलगडून उंची लावा. ऑगर उभा केला की वरची मूठ साधारण छातीशी आली पाहिजे. खांद्याच्या वर गेली तर सुरुवातीला तोल राहत नाही.
4. सांध्याचा बोल्ट किंवा फुलपाखरू-नट आवळा आणि त्यालाच एक बारीक दोरी बांधून ठेवा. सांधा सुटून खालचा अर्धा भाग तळाशी गेला तर गेलाच. पोलाद तरंगत नाही.
5. सुट्या पात्यांची एक जोडी, पात्यांच्या मापाची अ‍ॅलन की किंवा स्क्रूड्रायव्हर आणि एक सुकं फडकं अंगावरच्या आतल्या खिशात ठेवा. पेटीत ठेवलेलं नेमकं हवं तेव्हा गोठलेलं असतं.
6. भुगा काढायला झारा. इथे स्किमर नावाने विकतात, पण तळणीचा झाराच तो, फक्त भोकं मोठी आणि दांडा लांब. घरातला जुना पोलादी झारा दोरी बांधून नेलात तरी काम होतं. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ झारा कडेचा बर्फ फोडताना वाकतो.
7. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे. हे विसरलात तर ऑगर जागेवर राहतो आणि तुम्ही त्याच्याभोवती फिरता.

गळ्यात अडकवायचे बर्फखिळे (पाण्यात पडलात तर बर्फात रोवून वर यायला), तरंगणारं जॅकेट आणि वीस मीटर दोरी ही ऑगरची तयारी नव्हे, पण त्यांच्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करायचा नाही. एकट्याने जायचं नाही.

> इशारा: ऑगर गाडीत सीटवर, हीटरच्या उबेत नेऊ नका. कोमट पोलाद बर्फावर ठेवलं की खालचं हिम वितळतं आणि पुढच्याच मिनिटाला पात्यावर काच होऊन बसतं. डिकीत, थंडीतच राहू द्या.

## ५. जाडी मोजत चला

इथे बऱ्याच जणांचा क्रम उलटा असतो. ते आवडत्या जागेपर्यंत चालत जातात आणि तिथे पहिलं भोक पाडून जाडी बघतात. जाडी बघायची ती वाटेत.

काठापासूनच जड पहार हातात घ्या. पुढच्या पावलाच्या जागी दोन जोरदार घाव घाला. पहार एकाच घावात आरपार गेली तर आल्या पावली मागे फिरा, वळसा घालून पुढे जाण्याचा मोह नको. बर्फ टणक वाजला की पुढे. काठापासून थोडं आत गेल्यावर ऑगरने पहिलं तपासणीचं भोक पाडा, आणि पुढे निदान दर १५० फुटांवर एक. मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातंही हेच अंतर सांगतं.

मोजायला साधी पोलादी टेप पुरते. टेपच्या टोकाचा वाकडा लोखंडी आकडा भोकातून खाली सोडा, बर्फाच्या खालच्या कडेला अडकवा, ताणून वरच्या कडेशी माप वाचा. भोकात भुगा आणि अर्धगोठलं पाणी भरलेलं असतं, ते झाऱ्याने काढल्याशिवाय टेप खालच्या कडेऐवजी भुग्यालाच अडकते आणि माप चुकतं.

नव्या, पारदर्शक बर्फासाठी मिनेसोटातलं मार्गदर्शन असं: ४ इंचांच्या खाली पाय ठेवू नका, ४ इंचांवर पायी चालणं. कॅनडात रेड क्रॉस पायी चालायलाही १५ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ ६ इंच सांगते. ऑन्टारियोत राहणाऱ्यांनी मिनेसोटाचा आकडा मित्राच्या तोंडून ऐकून वापरू नये. आणि दोन्ही आकडे पारदर्शक बर्फाचे आहेत. दुधाळ, पांढरा बर्फ हिम आणि पाणी मिसळून गोठलेला असतो. त्याची ताकद निम्मी धरायची, म्हणून जाडी दुप्पट लागते.

> तपासा: भोकातून निघालेल्या भुग्याकडे बघा. स्वच्छ, कोरडा, पारदर्शक कीस आला तर बर्फ चांगला. वर पांढरा, मधे ओला लगदा आणि खाली पुन्हा टणक असं लागलं तर ते दोन थर आहेत, मधे पाणी आहे. मोजायची ती फक्त टणक थराची जाडी.

ओढे तळ्याला मिळतात ती तोंडं, पुलाखालचा भाग, झरे आणि हवा सोडणारी यंत्रं लावलेली तळी इथे शंभर फुटांत जाडी निम्म्यावर येऊ शकते.

## ६. भोक पाडणं

पहिली पायरी: जागा साफ करा. बुटाने हिम बाजूला सारून उघडा बर्फ दिसेपर्यंत फूटभर जागा मोकळी करा. हिमातून सुरू केलं तर पात्यांना पकड मिळत नाही आणि ऑगर घसरत जातो. दगड, काडी, आधीच्या मासेमाऱ्याने सांडलेली वाळू दिसली तर जागा बदला. काठाजवळचा बर्फ वाऱ्याने आलेल्या रेतीने भरलेला असतो, चांगली पाती तिथेच खराब होतात.

दुसरी: उभं राहणं. अंगावरचं जड जॅकेट उघडा, आताच. पाय खांद्याएवढे फाकवा, गुडघे थोडे सैल. एक हात वरच्या मुठीवर, कोपर जवळजवळ सरळ. दुसरा फिरवायच्या दांड्यावर. वरच्या हाताला एकच काम आहे, मूठ भोकाच्या बरोबर वर स्थिर धरणं. नवख्यांचा वरचाच हात गोल फिरतो. मग भोक वर रुंद, खाली अरुंद होतं, पट्टी कडेला घासते आणि ऑगर जड वाटू लागतो.

तिसरी: पहिला इंच. सावकाश आठ-दहा फेरे, फक्त ऑगरच्या वजनावर. पाती वर्तुळ आखतील, मग त्यात बसतील. घाई केलीत तर ऑगर नाचतो आणि त्याच्या उड्यांत धारेचा बाहेरचा कोपरा आधी जातो. इंचभर उतरला की एकदा बाजूला डोकं काढून बघा, दांडा उभा आहे का. तिरकं भोक आत्ताच सुधारता येतं. पाच इंचांवर नाही.

चौथी: एकसारखा वेग. आता मध्यम, न थांबता. दांडा झटक्याने ओढू नका, चक्की दळताना फिरतो तसा अखंड फिरवा. थांबलात की पाती पकडतात आणि पुन्हा सुरू करायला दुप्पट जोर लागतो. भुगा पट्टीवरून आपोआप वर यायला हवा. सात-आठ इंचांनंतर येईनासा झाला तर फिरवत फिरवतच ऑगर चार इंच उचला, भुगा सांडू द्या, पुन्हा खाली. तुंबलेला भुगा दाबला गेला की घट्ट होतो, आणि मग ऑगर बाहेर काढायला दोन माणसं लागतात.

पाचवी: पार होताना. आवाज बदलतो. कोरडी खरखर जाऊन ओलसर, पोकळ होते, भुगा भिजून गडद दिसतो. या क्षणी दाब पूर्ण काढा पण फिरवणं चालू ठेवा. सगळ्यांत जास्त घोटाळा इथे होतो: पाणी दिसलं म्हणून माणूस थांबतो, खालची कड अर्धीच कापलेली राहते, पाती तिच्यात अडकतात आणि ऑगर निघत नाही. पार झाल्यावर आणखी तीन-चार फेरे जागेवरच फिरवून खालची कड गोल करा. ओबडधोबड कडेला मासा वर घेताना दोरी कापली जाते, आणि तेही नेमका मोठा मासा असताना.

सहावी: उपसणं. फिरवणं थांबवा आणि ऑगर सरळ, एका दमात वर ओढा. पट्टी पंपासारखी काम करते, बराचसा भुगा पाण्याबरोबर बाहेर येतो. उरलेला झाऱ्याने काढा आणि भोकापासून दूर टाका. तिथेच ढीग केला तर तो गोठून गुडघ्याला लागणारा कडा होतो.

> इशारा: पाणी दोन-तीन फूटच खोल असेल तर पार झाल्यावर ऑगर खाली सोडू नका. तळाच्या वाळूत एकदा टेकला तरी धार संपली.

> इशारा: जोराची हिमवृष्टी झाल्यावर हिमाच्या ओझ्याने बर्फाचा थर खाली दबलेला असतो. भोक पडताच पाणी उसळून वर येतं आणि आजूबाजूला पसरतं. घाबरू नका, पण बाजूला व्हा आणि बूट कोरडे ठेवा. सामान आधीच दहा पावलं दूर ठेवलेलं बरं.

## ७. दोन भोकांच्या मधली पाच मिनिटं

ऑगर बिघडतो तो बर्फ कापताना कमी, पडून राहिल्यावर जास्त. भोकातून बाहेर आलेलं पातं ओलं असतं. उणे पंधरात ते एक-दोन मिनिटांत गोठतं आणि धारेवर नखाएवढा पारदर्शक थर चढतो. डोळ्यांना दिसत नाही. पुढच्या भोकाला ऑगर नुसता फिरतो, खाली उतरत नाही, आणि माणूस म्हणतो पाती गेली.

म्हणून क्रम असा. जितकी भोकं हवीत तितकी आधी सगळी पाडून घ्या, गळ मग टाका. बारा इंच बर्फात सहा इंची ऑगरने आठ-दहा भोकं ही हाताची वाजवी मर्यादा. भोकांमध्ये निदान दहा-पंधरा फूट अंतर ठेवा. प्रत्येक भोकानंतर ऑगर उचलून हवेतच चार-पाच वेळा जोरात फिरवा, पाणी उडून जातं, आणि लगेच पुढच्या जागेकडे चला. आवाजही एकदाच होतो. मासे बिचकले तरी गळ टाकेपर्यंत परततात.

पातं गोठलंच तर ताज्या भोकाच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून ठेवा. पाणी शून्याच्या किंचित वर असतं, पापुद्रा सुटायला तेवढं पुरे. मग झटका, पुसा, वापरा.

> हे करू नका: बर्फ झाडायला ऑगर बर्फावर, बुटावर किंवा गाडीच्या बंपरवर आपटणं. एका आपटीत पातं केसाएवढं वाकतं आणि तेवढं पुरतं. ओल्या पात्यावर म्यान चढवू नका, दोन्ही एकत्र गोठतात आणि म्यान ओरबाडून काढताना हातच कापतो. गारठलेल्या बोटांना कापल्याचं कळतही नाही, हातमोजा लाल झाल्यावर कळतं.

सपाट पात्यांचा ऑगर कालच्या गोठलेल्या भोकात पुन्हा घालू नका. मधला नवा बर्फ आणि जुनी कड यांच्या सांध्यात पाती एका बाजूने अडकतात. दोन फूट बाजूला नवं भोक पाडणं कमी कष्टाचं असतं.

## ८. काय होतंय त्यावरून कारण ओळखा

नुसता फिरतो, पिठीसारखा भुगा पडतो. आधी पात्यावरचा बर्फ बघा. तो नसेल तर धार बोथट. तीही ठीक असेल तर पातं उलटं बसवलंय.

झटके देतो, अडकतो. एक पातं सैल, किंवा एक नवं आणि एक जुनं. नाहीतर तुम्ही वरून दाबताय.

सुरुवातीला छान चालतो, पाच-सहा इंचांनंतर जाम होतो. पात्यांचे बाहेरचे कोपरे झिजलेत. भोक ऑगरच्या अंगापेक्षा किंचित अरुंद पडतं आणि पट्टी कडेला घासते. लोक इथे जोर वाढवतात. औषध एकच, पाती बदला.

भोक नेहमी एकाच बाजूला तिरकं जातं. वरचा हात, नाहीतर वाकलेला दांडा.

## ९. पाती बदलणं आणि धार लावणं

पातं काढण्याआधी मोबाइलवर जवळून फोटो घ्या, कुठली बाजू वर आहे ते दिसेल असा. नंतर आठवत नाही. मग सगळे स्क्रू थोडे थोडे सैल करा आणि पातं चामडी हातमोज्याने धरून काढा. बैठकीवरचा गंज, वाळलेली माती, रंगाचे थेंब फडक्याने साफ करा. पात्याखाली वाळूचा कण राहिला तरी पातं तिरकं बसतं. नवी जोडी बसवून स्क्रू आळीपाळीने आवळा. पाती नेहमी जोडीनेच बदला, आणि त्याच मॉडेलची. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलची पातीही पुष्कळदा एकमेकांना बसत नाहीत, बसल्यासारखी दिसतात एवढंच.

धार घरी लावावी का? खाच लहान असेल तर लावता येते. पण आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. रंध्याचं पातं लाकडाला फक्त धारेने शिवतं, धारेमागचा भाग लाकडापासून किंचित वर राहतो. ऑगरचंही तसंच. धारेमागची ही मोकळीक गेली तर पात्याची टाच बर्फावर टेकते आणि धार हवेत राहते. पातं वस्तऱ्यासारखं तीक्ष्ण असूनही ऑगर एक इंच खाली जात नाही. घरी धार लावलेले बहुतेक ऑगर असेच वाया जातात, कारण माणूस सुरीसारखी दोन्ही बाजूंनी धार लावतो.

म्हणून:

1. पात्याची उताराची बाजू ओळखा. फक्त तिच्यावरच काम करायचं.
2. उतारावर मार्कर पेनने शाई फासा आणि बारीक हिऱ्याच्या पट्टीवर किंवा ६०० नंबरच्या दगडावर हलकेच दोन वेळा घासा. शाई पूर्ण रुंदीने पुसली गेली तर कोन बरोबर. फक्त धारेजवळ पुसली तर तुम्ही पातं जास्त उचललंय, फक्त मागे पुसली तर कमी.
3. कोन सापडला की धारेकडे, एकाच दिशेने घासा. फेरे मोजा. पहिल्या पात्याला तीस तर दुसऱ्यालाही तीस.
4. १००० नंबरवर शेवटचे दहा-बारा हात.
5. सपाट बाजूला बारीक कंगोरा जाणवेल. पातं दगडावर पूर्ण आडवं टेकवून एक-दोनदाच सरकवा. कड जरासुद्धा उचलायची नाही.
6. वर्तमानपत्राची चाचणी पुन्हा.

मिलिमीटरच्या वर खाच असेल, किंवा बाहेरचा कोपरा गोल झाला असेल, तर दगड बाजूला ठेवा आणि नवी जोडी आणा. विजेच्या चाकावर कधीच धार लावू नका. ठिणग्या उडतात, कड निळी पडते आणि पोलादाचं पाणी उतरतं. दिसायला चकचकीत, टिकायला एक भोक.

## १०. ड्रिलला जोडायचा असेल तर

अर्ध्या इंची चकचा (चक म्हणजे बिट धरणारा जबडा), १८ व्होल्टचा ब्रशलेस, म्हणजे कार्बन ब्रश नसलेल्या मोटरचा ड्रिल असेल तर सहा इंची हातऑगर जोडपट्टी लावून त्यावर चालतो. तीन गोष्टी सांभाळा. ड्रिलची बाजूची मूठ लावलेली हवी, कारण पाती अडकली की ड्रिल तुमचं मनगट फिरवतो. चकच्या खाली भोकापेक्षा मोठी गोल तबकडी हवी, म्हणजे चक सुटला तरी ऑगर तळाला जात नाही. आणि उलट फिरणारा ऑगर ड्रिलला लावू नका. तो चालवायला ड्रिल उलटा फिरवावा लागतो, आणि त्या फिरण्याने चक सैल होत जातो. बॅटरी कोटाच्या आत ठेवा, थंडीत ती झपाट्याने उतरते. वेग हळूच्या खटक्यावर.

## ११. निघताना आणि घरी आल्यावर

सोडलेलं भोक उघडं ठेवू नका. काढलेला भुगा त्यात परत भरा आणि एक वाळकी फांदी उभी रोवा. रात्री वरून पातळ साय धरते, त्यावर हिम पडतं, आणि सकाळी कुणाचं तरी पोर आठ इंची भोकात गुडघ्यापर्यंत जातं.

पाती सुक्या फडक्याने पुसा. पुसताना फडकं धारेच्या दिशेने बाहेर न्यायचं, धारेवरून आडवं नाही. कोरडं झाल्यावरच म्यान चढवा. घरी आल्यावर म्यान पुन्हा काढा, कारण उबदार घरात थंड पोलादाला दव सुटतं आणि म्यानात साठून राहतं. तासाभराने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दोन्ही पात्यांवर फिरवा. सांध्याचा बोल्ट सैल करून आतलं पाणी निथळू द्या, नाहीतर पुढच्या शनिवारी दांडा उलगडणारच नाही. ऑगर भिंतीला टेकून उभा ठेवू नका. खिळ्याला टांगा, पाती खाली, म्यान घालून आणि मुलांच्या हाताच्या वर.